‘फोन टेबलावर ठेवा, ५०० दिसलं की ऑफिस पास’ : हा सल्ला कुठे कुठे चुकतो

कामाच्या जागेतला उजेड मोजण्याबद्दल एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. त्याचं सार असं: फोनमध्ये फुकटचं लाइट मीटर ॲप घ्या, फोन टेबलावर ठेवा, ५०० लक्स दिसलं की ऑफिस पास. उजेड मोजणारा वेगळा लक्समीटर म्हणजे उगाच खर्च, त्याचं कॅलिब्रेशन (प्रमाण उजेडाशी आकडा ताडून बघणं) म्हणजे विकणाऱ्यांचा धंदा. दिवे एलईडीचे असतील तर मोजायचीही गरज नाही. आणि डोळ्यांना ठीक वाटतंय ना, मग प्रश्नच मिटला.

असल्या आकड्यांवर दिवे घेतले जातात आणि डोकेदुखीच्या तक्रारी परत पाठवल्या जातात. त्यामुळे यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘फोनही लक्सच दाखवतो’

आकड्यापुढे लक्स लिहिलेलं असतं, एवढंच खरं. लुमेन हे प्रकाशाच्या एकूण प्रमाणाचं एकक; एका पृष्ठभागावर दर चौरस मीटरला जितके लुमेन प्रकाश पडतो, तितके त्याचे लक्स. ते मोजणाऱ्या सेन्सरला दोन गोष्टी जमल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट तिरप्या प्रकाशाची. एखादा झोत सरळ वरून पडल्यावर १००० लक्स देत असेल, तर तोच झोत ६० अंश तिरपा पडल्यावर ५०० लक्स देतो. कोनाच्या कोसाइनप्रमाणे तो कमी होत जातो. लक्समीटरच्या सेन्सरवर जी दुधी पांढरी घुमटी असते ती हाच हिशेब सांभाळण्यासाठी. फोनचा सेन्सर काचेच्या आत, बारीक छिद्रामागे किंवा थेट स्क्रीनखाली असतो. तिरपा प्रकाश त्याच्यापर्यंत पुरेसा पोचतच नाही. आणि खोलीतला बराचसा उजेड तिरपाच असतो: पलीकडच्या ओळीतल्या दिव्यांचा, भिंतींवरून परतलेला, खिडकीतून आडवा आलेला. म्हणून दिव्याच्या बरोबर खाली फोन बरा आकडा देतो आणि दोन दिव्यांच्या मधे साफ घसरतो. त्यात स्क्रीनवर चिकटवलेली फिल्म आणि स्क्रीनचा स्वतःचा उजेड यांची भर पडते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट रंगांची. डोळा सगळ्या रंगांना सारखा दाद देत नाही. हिरव्या-पिवळ्याला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, तो सर्वांत जास्त संवेदनशील असतो. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९२४ साली त्याचा प्रमाण वक्र ठरवला आणि लक्सची व्याख्या त्यावरच उभी आहे. सिलिकॉन सेन्सर मात्र डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. त्याला डोळ्यासारखं ‘पाहायला’ लावणारा फिल्टर हाच चांगल्या मीटरमधला महागडा भाग असतो. फोनच्या सेन्सरचं काम स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणं एवढंच, त्याला इतक्या अचूकतेची गरज नसते.

आयफोनवरची बहुतेक ॲप तर कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. तिथे घोटाळा आणखी मोठा आहे, कारण कॅमेऱ्याला पडलेला उजेड दिसत नाही, पृष्ठभागावरून परतलेला दिसतो. ५०० लक्सखाली ८० टक्के प्रकाश परतवणारा पांढरा कागद साधारण १२७ कँडेला प्रति चौरस मीटर इतका उजळ दिसतो, तर २० टक्के परतवणारं गडद टेबल फक्त ३२. उजेड तोच, टेबलही तेच, पण कॅमेरा कागदावरून टेबलाकडे वळवला की आकडा चौथाईवर येतो.

फोन अगदीच टाकाऊ आहे असं नाही. दिव्यांची कव्हरं पुसण्याआधी आणि पुसल्यावर, त्याच फोनने, त्याच जागी, तसाच ठेवून रीडिंग घेतलं तर किती टक्के फरक पडला याचा अंदाज येतो. तुलना करायला तो चालतो, पण त्याचा आकडा अहवालात लिहू नये.

‘५०० आलं की पास’

या सल्ल्यातली सगळ्यांत मोठी चूक ही आहे, आणि ती महागडा मीटर घेऊनही तशीच करता येते.

५०० हा आकडा ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात लेखन-वाचन आणि संगणकावरच्या कामासाठी आहे. पण तो एका बिंदूचा आकडा नाही. कामाच्या पूर्ण भागाची ती सरासरी आहे, आणि तिच्यासोबत समानतेची अट आहे: सर्वांत कमी रीडिंग भागिले सरासरी, हे किमान ०.६ यायला हवं. लगतच्या पट्ट्यात ३०० लक्स हवेत. समजा एका टेबलावर नऊ ठिकाणी ६९०, ६४०, ५६०, ६१०, ५४०, ४३०, ४७०, ३५० आणि २४० अशी रीडिंग आली. सरासरी ५०३, म्हणजे वरवर पास. पण २४० भागिले ५०३ हे ०.४८ च येतं. वरच्या कपाटाच्या सावलीत असलेल्या त्या कोपऱ्यातच फाइल उघडली जात असेल, तर तिथे बसणाऱ्याची तक्रार खरी आहे. ‘मधोमध ५४० आहे’ हे तिला उत्तर होत नाही.

बिंदू किती अंतरावर घ्यायचे यासाठी मानकात सूत्र आहे. मोजायच्या भागाच्या लांब बाजूचा, मीटरमध्ये, १० पायाचा लॉगॅरिदम काढायचा, ५ चा तितका घात करायचा आणि ०.२ ने गुणायचं. १ मीटरच्या टेबलाला दर ०.२ मीटरवर बिंदू येतो, ५ मीटरच्या भागाला सुमारे ०.६ मीटरवर, १० मीटरच्या हॉलला १ मीटरवर. पूर्ण खोलीची सरासरी पटकन हवी असेल तर जुनी रूम इंडेक्सची पद्धत सोपी पडते: लांबी गुणिले रुंदी, भागिले टेबलापासून दिव्यापर्यंतची उंची गुणिले लांबी-रुंदीची बेरीज. ८ बाय ६ मीटरची खोली आणि दिवे टेबलापासून २ मीटर वर, तर ४८ भागिले २८, म्हणजे १.७१. इंडेक्स १ च्या खाली असेल तर किमान ४ बिंदू, १ ते २ मध्ये ९, २ ते ३ मध्ये १६, त्यापुढे २५. खोलीचे तितके सारखे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर मोजायचं. बिंदूंचं अंतर आणि दिव्यांचं अंतर जुळलं तर मात्र बिंदूंची जाळी बदलायची. नाहीतर प्रत्येक बिंदू दिव्याखालीच पडतो आणि सरासरी फुगते.

आणखी एक बाब हमखास राहून जाते. मानकातला आकडा ‘यापेक्षा कधीही खाली जाऊ नये’ असा आहे. दिवे जुने होतात, कव्हरांवर धूळ बसते, भिंती मळतात. ही घट आधीच धरणारा आकडा, म्हणजे देखभाल गुणक, ०.८ धरून आराखडा केला असेल तर नव्या कोऱ्या ऑफिसात ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ लक्स दिसायला हवेत. पहिल्याच दिवशी ५०० आलं तर ते ऑफिस लवकरच नापास होणार आहे.

शिवाय ५०० सगळ्या कामांना लागू नाही. त्याच मानकात ये-जा करायच्या मार्गिकांना १०० आहे, तांत्रिक रेखाटनाला ७५०, इलेक्ट्रॉनिक्सच्या अतिसूक्ष्म जोडणीला १०००. गोदामात रॅकवरची लेबलं वाचायची असतील तर सेन्सर उभा, लेबलाच्या दिशेने तोंड करून धरायचा. जमिनीला समांतर धरून घेतलेला आकडा तिथे कामाचा नाही.

‘ठेवा आणि वाचा, त्यात काय शिकायचं’

सेन्सर १० अंश कलला तर काय होतं ते पाहू. ४५ अंशांतून येणारा प्रकाश, सेन्सर दिव्यापासून दूर कलला तर सुमारे १९ टक्के कमी दाखवतो आणि दिव्याकडे कलला तर १६ टक्के जास्त. हातात धरून घेतलेल्या रीडिंगमध्ये इतका कल सहज येतो. म्हणून सेन्सर टेबलावर सपाट ठेवायचा, नाहीतर ठरलेल्या उंचीच्या तिपाईवर. त्याला वायरने जोडलेलं वेगळं डोकं असेल तर उत्तम; आकडा वाचायला त्यावर वाकावं लागत नाही. मोजणाऱ्याने दूर उभं राहायचं. अंगाची सावली आकडा पाडते आणि पांढरा शर्ट तो चढवतो. तिथे रोज काम करणाऱ्याची सावली कामावर पडत असेल तर त्याला बसवून वेगळं रीडिंग घ्यायचं आणि तशी नोंद करायची.

सुरुवातीला सेन्सरवर टोपी लावून शून्य तपासायचं. ट्यूबचे दिवे किमान २० मिनिटं, एलईडी अर्धा तास चालू राहू द्यायचे. ट्यूब थंड असताना मंद असते, एलईडी तापल्यावर थोडा उतरतो. दिव्यांचा हिशेब हवा असेल तर अंधार पडल्यावर मोजायचं. दिवसाच मोजणं भाग असेल तर दिवे लावून आणि बंद करून लागोपाठ दोन रीडिंग घ्यायची आणि वजा करायचं. ढग सरकत असताना हे करू नये, दोन रीडिंगांच्या मधेच बाहेरचा उजेड बदलतो.

रेंजही, म्हणजे मीटर किती लक्सपर्यंत वाचायला लावलाय तेही, बघायला हवी. मीटरवर ‘रीडिंगच्या ३ टक्के अधिक पूर्ण रेंजच्या ०.५ टक्का’ अशी अचूकता लिहिली असेल, तर २००० च्या रेंजवर १०० लक्स वाचताना चूक १३ लक्सपर्यंत जाते. २०० च्या रेंजवर तीच ४ वर येते.

‘एलईडीला चूक होत नाही, कॅलिब्रेशन नकोच’

उलट एलईडीमुळेच जास्त सांभाळावं लागतं. लक्समीटर पारंपरिकपणे २८५६ केल्विनच्या टंगस्टन दिव्यासमोर कॅलिब्रेट करतात. पांढऱ्या एलईडीचा वर्णपट अगदी वेगळा असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा आणि पुढे पसरट पिवळा भाग. मीटरचा फिल्टर डोळ्याच्या वक्राशी नीट जुळत असेल तर पांढऱ्या एलईडीला फरक थोडाच पडतो. जुळत नसेल तर वाढतो, आणि निव्वळ निळ्या किंवा लाल दिव्याखाली तो आकडा वापरूच नये. काही मीटरांत एलईडीसाठी गुणक निवडता येतो. तो निवडला असेल तर अहवालात हाताने पुन्हा गुणायचं नाही, दुहेरी दुरुस्ती होते.

कॅलिब्रेशनवरचा आरोप बहुधा प्रमाणपत्र न वाचता केला जातो. त्यावर ‘पास’ एवढंच नसतं. खरा उजेड ५०० लक्स असताना मीटर ४८० दाखवतो असं लिहिलेलं असेल, तर त्या टप्प्यावर प्रत्येक रीडिंग १.०४ ने गुणायचं. घुमटी पिवळी पडते, फिल्टर जुना होतो, एखादा मीटर हातातून पडतो, आणि तरीही स्क्रीनवर आकडा तितक्याच ठसठशीतपणे येत राहतो. मीटर बिघडलाय हे आकड्याकडे पाहून कळत नाही.

‘डोळ्यांना ठीक वाटतंय ना’

भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, ढगाळ दुपारी दहा हजारांच्या घरात. एवढी मोठी पल्ल्याची झेप डोळा बिनबोभाट जुळवून घेतो, आणि म्हणूनच ३०० आणि ५०० मधला फरक तो सांगू शकत नाही. बाहेरून नुकताच आत आलेल्याला ५०० अंधुक वाटतील, तासभर मंद उजेडात बसलेल्याला १५० पुरेसे वाटतील. लोकांच्या तक्रारी मात्र ऐकायलाच हव्यात. चकाकी आणि दिव्यांची थरथर लक्समीटरला दिसत नाही, तो सरासरी काढून मोकळा होतो. ६५० लक्स असूनही डोकं दुखत असेल तर दिवा नजरेत येतोय का, स्क्रीनवर त्याचं प्रतिबिंब पडतंय का, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर थरथर देतोय का, हे तपासा. तिथे आणखी दिवे लावले तर त्रास वाढेल.

‘आपत्कालीन दिवेही ॲपने तपासा’

या सल्ल्याला जोडून फिरणारी ही सूचना सर्वांत धोक्याची. ईएन १८३८ या आपत्कालीन दिव्यांच्या युरोपीय मानकात सुटकेच्या मार्गावर जमिनीजवळ किमान १ लक्स मागितला आहे. इतक्या कमी उजेडात फोनचा आकडा भरवशाचा नसतो. इथे ०.०१ लक्सपर्यंत वाचणारा मीटर हवा, नेहमीचे सगळे दिवे बंद हवेत, बाहेरचा उजेड अडवलेला हवा. मोजायचं ते बॅटरीवर चालण्याची ठरलेली मुदत संपत आल्यावर, कारण बॅटरी उतरते तसा दिवा मंदावत जातो. मुदत एक तासाची असेल तर वीज तोडल्यावर पहिल्या मिनिटाला घेतलेलं रीडिंग एकोणसाठाव्या मिनिटाबद्दल काहीच सांगत नाही.