दहा बाय दहाच्या खोलीवरचा आरोप

कोल्हापुरात पेटी, ढोलकी किंवा गळा सांभाळून असणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: घरातली दहा बाय दहाची खोली फसवते, हेडफोनवर केलेले मिक्स (वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज जुळवून एकत्र केलेले गाणे) बाहेर टिकत नाही, विकतच्या प्लगइनशिवाय (आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरशिवाय) आवाजाला वजन येत नाही, आणि गाणे इतरांपेक्षा मोठ्याने वाजले नाही तर ते कोणी ऐकत नाही, म्हणून ज्याला मिक्सिंग शिकायचे आहे त्याने थेट मुंबई गाठावी. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

खोली फसवते, हे मान्य. ती कशी फसवते, याचा मात्र त्या मजकुरात उल्लेख नाही, आणि ते एकदा समजले की निम्मे काम हलके होते. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर अंतर असेल, तर सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जाणारा आवाज त्यांच्यामध्ये ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपास अडकून घुमतो, आणि त्याच्या दुपटीला व तिपटीला, म्हणजे ११२ आणि १६९ हर्ट्झलाही तसाच घुमतो. छतही दहा फुटांवर असेल तर लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मिळून त्याच स्वरांवर भर देतात. चौरस खोलीला नावे ठेवतात ती यासाठी. यातला ५६ हर्ट्झचा घुमारा भिंतीलगत सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी ऐकू येतो. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत मी पहिली दोन वर्षे खुर्ची नेमकी मध्यावर मांडली होती. एका पोवाड्याच्या मिक्समध्ये ढोलकीचा घुमारा कमी वाटतो म्हणून मी तो वाढवत गेलो, आणि तेच ध्वनिमुद्रण गणपतीत मंडळाच्या डॉल्बीवर लागले तेव्हा शाहिराचा एक शब्द कळेना. (डॉल्बी म्हणजे आपल्याकडे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, त्या नावाच्या कंपनीशी तिचा संबंध नाही.) पुढे खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली, आणि जो घुमारा मला ऐकूच येत नव्हता तो ऐकू येऊ लागला. याला एक रुपयाही लागला नाही.

खोलीचे दुखणे ओळखल्यावर पुष्कळ जण अंड्यांचे ट्रे किंवा एक इंची फोम भिंतीला चिकटवतात, आणि नंतर फरक पडला नाही म्हणून त्या मजकुरावर विश्वास ठेवतात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. ती इंचभर फोमला जुमानत नाही. फोम शोषतो ते वरचे स्वर, त्यामुळे टाळांची धार मरते आणि घुमारा जागच्या जागी राहून खोली उलट कोंदट वाटू लागते. उपाय जाडीत आहे: कोपऱ्यात चार इंची रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पाट, मागे तेवढीच पोकळी सोडून. तेवढी ऐपत नसेल तर कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी करावी, आणि बाजूच्या भिंतींवर ज्या जागेवरून स्पीकरचा आवाज पहिल्यांदा कानाकडे परततो तेथे चार पदरी वाकळ थोडी पुढे टांगावी. गादीला हसणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वॉलेस सबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला तो नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या तेथे वाहून नेऊन, आणि एखादी वस्तू किती आवाज शोषते हे मोजायला त्यांनी माप घेतले ते उघड्या खिडकीचे.

हेडफोनविषयीचे विधान उलट्या टोकाचे आहे. हेडफोन खोलीला वगळतो, म्हणून खालचे स्वर तपासण्यासाठी वाईट खोलीतल्या स्पीकरपेक्षा तो पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो. त्याची उणीव दुसरीकडे आहे: डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला पोचतच नाही, त्यामुळे पॅनिंग (आवाजांची डावी-उजवीकडची मांडणी) अवास्तव रुंद वाटते आणि रिव्हर्ब (मोठ्या जागेतल्या पडसादाचा भास) किती घालावा याचा अंदाज चुकतो. म्हणून या दोन गोष्टींचा निर्णय स्पीकरवर घ्यावा, आणि शेवटी सगळे मोनो करून (डावे-उजवे एकत्र करून) फोनच्या स्पीकरवर ऐकावे. फोनवर डग्ग्याचा मूळ स्वर वाजतच नाही, तरी त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उंच स्वरांवरून) कान तो मूळ स्वर ताडतो. ते अंश मिक्समध्ये दाबले गेले असतील तर केएमटीच्या शहर बसमध्ये फोनवर गाणे ऐकणाऱ्याला डग्गा नाहीसा झाल्यासारखा वाटेल.

प्लगइनच्या मुद्द्यावर मी कोल्हापूरकर म्हणून थोडा चिडतो. येथे १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट याच गावात केला. पार्श्वगायन रूढ होण्याआधीच्या त्या काळात नट-नटी सेटवरच गात, साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत, आणि कोणाचा आवाज किती, हे मुख्यतः माइकपासूनच्या अंतरावर ठरे. आजही ढोलकीला दोन माइक लावले आणि त्यांच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक राहिला, तर एकच थाप दुसऱ्या माइकपर्यंत एक मिलिसेकंद उशिरा पोचते, आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले की ५०० आणि १५०० हर्ट्झच्या जागी खड्डे पडतात. ‘वजन’ जाते ते तेथे. माइक हातभर सरकवला की ते बहुधा परत येते. पेटी गायकावर चढते तेव्हाही आधी फेडर (तिच्या पातळीची सरकपट्टी) खाली घ्यावा, मग सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या साध्या इक्यूने (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) पेटीचा गळ्याशी भिडणारा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवावा. विकतचा प्लगइन हेच काम देखण्या पडद्यावर करतो. शिवाय त्याची परीक्षा घेताना आवाजाची पातळी जुळवून घ्यावी, कारण एखादा डेसिबल वाढला तरी कानाला तो ‘सुधारणा’ वाटतो.

मोठ्याने वाजण्याचा मुद्दा थोडक्यात संपतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठ्याने वाजणाऱ्या गाण्याची पातळी सुमारे −१४ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) उतरवतात. मिक्स दाबून दाबून −८ पर्यंत नेले तर ते सहा डेसिबलने खाली आणले जाते, आणि हलगीच्या काडीचा जो तडाखा लिमिटरखाली (आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या साधनाखाली) चिरडला गेला तो काही परत मिळत नाही. मिक्स करतानाही पातळी एकच ठेवावी. हळू ऐकताना खालचे स्वर कानाला कमी भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. म्हणून दर अर्ध्या तासाला व्हॉल्यूम फिरवणाऱ्याचा घुमाऱ्याचा अंदाज रोज वेगळा येतो.

राहिली मुंबई. तेथे अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम पाहायला मिळत असेल तर अवश्य जावे. तोपर्यंत घरी एकच गाणे घ्यावे, पहिल्या संध्याकाळी ते मोनोत, मंद आवाजात आणि फक्त फेडर वापरून जुळवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावर दुसरे काही उघडण्याआधी एकदा ऐकून खटकलेल्या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. त्या दिवशी तेवढ्याच दुरुस्त कराव्यात. माझ्या वहीच्या पहिल्या वीस पानांत ‘पेटी मोठी’ हा शेरा सर्वांत जास्त वेळा आला आहे, कारण पेटी मी स्वतः वाजवतो.