पट्टा अखंडच आहे, भाऊ: हार्नेसच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

स्कूबाचं सिलिंडर पाठीला बांधायचा हार्नेस घरी कसा बनवला आणि त्याचा पट्टा सरकता कसा ठेवला, यावर मी पोस्ट टाकली होती. तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, डोकंच फिरलं. "दप्तरं शिवायच्या मशिनवर जीव वाचवायचं सामान शिवता आणि वर लोकांना शिकवता? हॉगार्थियन हार्नेसचा पट्टा अखंड असतो, तो उगाच नाही. सरकता केला की भरवसा संपला. कमरेची डी-रिंग (सामान अडकवायची कडी) जागेवर राहणार नाही, मग गढूळ पाण्यात गेज (सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं मीटर) कुठे शोधणार? आणि विदर्भात स्कूबा हवाच कशाला? हा जुगाड काढून टाका." सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचली तेव्हा त्यातला एक मुद्दा नेमका वर्मी लागला. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी शिलाईचं. इथं चूक माझी. पोस्टच्या वरच मशिनचा फोटो टाकला होता. बघणाऱ्याला वाटणारच, की सगळा हार्नेस शिवलेला आहे. पण ज्या पट्ट्यावर सिलिंडरचा भार येतो त्याला एकही टाका नाही. ५ सेंटीमीटर रुंद, पावणेचार मीटरच्या आसपास लांब असा एकच तुकडा आहे. कमरेपासून निघतो, पाठीवरच्या स्टीलच्या प्लेटच्या खालच्या खाचेतून काखेखाली, खांद्यावर, वरच्या खाचांतून पलीकडच्या खांद्यावर आणि तसाच दुसऱ्या बाजूने परत कमरेला. शिलाई आहे ती फक्त मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्याला. आम्ही त्याला लंगोटच म्हणतो. त्याच्या पुढच्या टोकाला कमरपट्टा ओवायला लूप लागतो, तो बाजाराच्या गावी बैलांच्या घुंगरांचे पट्टे शिवणाऱ्या मोचीकाकांकडून शिवून घेतला. दोरा मात्र माझा दिला, पॉलिस्टरचा. सुती दोरा पाण्यात कुजतो, आणि कुजलेला वरून दिसत नाही.

पट्टी निवडायचं कसं, हे पोस्टमध्ये लिहायचं राहिलं होतं, ते इथे लिहितो. आपल्याकडचा दुकानदार प्रत्येक पट्टीला नायलॉनच म्हणतो. वीतभर तुकडा घ्यायचा, बादलीत बुडवून आतली हवा निघेपर्यंत पाण्यातच पिळायचा आणि सोडून द्यायचा. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन, पिशवीच्या बंदाचा माल. गुळगुळीत असतो, बकलमधून निसटतो, उन्हात लवकर मरतो. नायलॉन तळाला जातं. मी तीन दुकानांतून पट्टी आणली, दोन ठिकाणची तरंगली. तिसरी प्लेटमध्ये ओवून वाडीतल्या कडुनिंबाला तुरीची दोन पोती रात्रभर टांगली. सकाळी बायको म्हणाली, आता हे पण पाण्यात नेणार का?

आता "सरकता म्हणजे भरवसा संपला" हे. फ्लोरिडाच्या पाणगुहांत उतरणाऱ्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून ती हॉगार्थियन पद्धत ओळखली जाते, आणि तिचं मर्म मला मान्य आहे: जेवढे जोड कमी, तेवढ्या तुटायच्या जागा कमी. म्हणूनच मी खांद्यावर प्लॅस्टिकचं बकल लावलं नाही. बाजारातले कितीतरी तयार हार्नेस तसे असतात. माझ्या हार्नेसमध्ये पट्टा कापलेला नाही, जोड वाढलेला नाही. फक्त खालच्या खाचेत तो आवळून न ओवता मोकळा सोडलाय. कमरपट्टा पुढे ओढला की खांद्यावरचा भाग घट्ट होतो. कमरपट्टा ढिला असताना खांद्याच्या पट्ट्यात अंगठा घालून पुढे ताणलं की सैल होतो. आणि एकदा कमरेचं बकल लावलं की सरकायला जागाच उरत नाही, कारण खांदा सैल व्हायचा तर कमरेचा घेर कमी व्हावा लागेल, आणि तिथे पोट आहे. माझं तर आहेच. परदेशात हीच युक्ती वापरलेले हार्नेस तयारही मिळतात. शोध माझा नाही.

सरकत्या पट्ट्याची खरी भीती वेगळीच आहे, ती तुम्ही लिहिली नाही. खाचेची कड. पट्टा त्याच जागी रोज घासणार, आणि ३ मिलिमीटर स्टेनलेस स्टीलची कापीव कड म्हणजे विळाच. दोन संध्याकाळी कानस घेऊन बसलो, मग पॉलिश पेपर. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी खाचेतून ओढून बघायची. एक जरी धागा अडकला तरी परत घासायचं. आता प्रत्येक वेळी उतरण्याआधी तेवढा वीतभर पट्टा उलटा करून बघतो.

हे सगळं कशासाठी? कारण आमच्याकडे हार्नेस एक आणि उतरणारे तिघं. एक जण माझ्यासारखा, एक माझ्या निम्म्याने, आणि तिसरा उन्हाळ्यात नुसत्या टी-शर्टवर अन् थंडीत ५ मिलिमीटरच्या सूटमध्ये. अखंड, आवळून बसवलेला पट्टा एकाच माणसाच्या मापाचा असतो. दर वेळी तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसून ओवाओवी करत बसलं तर सोसायटीचं काम व्हायचं कधी? काम म्हणजे मच्छीमार सोसायटीचे जलाशयातले पिंजरे. मासे वाढवायच्या जाळ्या पाच-सहा मीटर खोल सोडलेल्या असतात. कुठं फाटल्या, कुठं कासवाने कुरतडल्या, ते खालून बघावं लागतं. समुद्र नाही हो आमच्याकडे, पण भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख उगाच म्हणत नाहीत. मामा (माजी मालगुजारी) तलावच किती आहेत, ते एकदा येऊन बघा. आणि जाळ्यांजवळ अडकलो तर एक बकल उघडून सगळं अंगावरून उतरलं पाहिजे. लंगोटाचा लूप कमरपट्ट्यातच ओवलेला असल्यामुळे तोही त्याच क्षणी सुटतो.

याच सोयीने मला एकदा पाडलंही. मागच्या थंडीत काम संपवून छातीभर पाण्यात उभा होतो आणि सवयीने बकल उघडलं. दोन्ही खांदे एकदम ढिले, सिलिंडर एका बाजूला कलंडलं, आणि मी चिखलात बसलो. व्हॉल्व्ह डोक्याला लागला. रक्त नाही, टेंगूळ आलं, आणि काठावरचे दोघं हसत होते. तेव्हापासून नियम असा, की विंगमध्ये (पाठीवरच्या हवेच्या पिशवीत) हवा भरायची, दुसऱ्याने सिलिंडरला हात लावायचा, मगच बकल. हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. लाजेखातर लिहिलं नाही.

"जीव वाचवायचं सामान" म्हणता, ते म्हणजे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र), सिलिंडर, विंग. त्यांना घरी कोणी हात लावत नाही, आणि लावू नये. आमच्या पाच-सहा मीटरला सर्वांत मोठा धोका पट्ट्याचा नाहीच. घाबरून श्वास रोखून वर येण्याचा आहे. तेवढ्या खोलीवरही फुप्फुस फाटू शकतं. कोर्स न करता कोणी माझा हार्नेस शिवून तलावात उतरणार असेल, तर त्याला मीच पाळीवर अडवीन. हे वाक्य पोस्टच्या पहिल्याच ओळीत टाकलंय आता.

राहिला डी-रिंगचा मुद्दा. तो तुमचा शंभर टक्के बरोबर. कमरेचा पट्टा सरकला की डावीकडची रिंगही सरकते. मी मोजलं: माझ्यात आणि त्या किडकिडीत गड्यात सात सेंटीमीटरचा फरक. पावसाळ्यात मनगट दिसत नाही अशा पाण्यात सात सेंटीमीटर म्हणजे पुष्कळ. एक उपाय केला: तिघांच्या मापाला पट्ट्यावर तीन रंगांचे दोरे गुंडाळले आणि बांधून झाल्यावर रिंग आपापल्या जागी हाताने बसवायची. हे काही खरं नाही, कोणीतरी एक दिवस विसरणारच. दुसरा उपाय म्हणजे गेज छातीच्या रिंगला लावणं. वरच्या खाचेशी पट्टा हलत नसल्यामुळे ती रिंग जागची हलत नाही. पण मग होज (गेजची नळी) काखेतून कमानीसारखी बाहेर येते, आणि आमच्याकडे समोर सगळी जाळीच जाळी.

पोस्ट काढत नाही, पण मशिनचा फोटो हटवला. तुम्ही छातीला गेज लावून कधी काम केलंय का? केलं असेल तर होज किती लांबीची होती आणि हाताखालून कशी नेली, तेवढं कळवा. पुढच्या आठवड्यात पिंजरे बघायचे आहेत.