कोळंबीची डोकी आणि वाचलेला पैसा

मासळीच्या निर्यातीत नव्याने उतरलेल्या कारखानदाराला पहिल्याच महिन्यात एक दुःखद शोध लागतो. बंदरावरच्या लिलावात आपण अख्ख्या कोळंबीचे पैसे मोजलेले असतात, तिला बर्फ घातलेला असतो, तिचे गाडीभाडेही चुकते केलेले असते. आणि सोलणाऱ्या बायकांच्या हातून ती पुढे सरकते तेव्हा तिच्या वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग डोकी आणि टरफले होऊन टोपलीत पडलेला असतो. राणी माशाची सुरीमी, म्हणजे धुऊन लगदा केलेले मांस, करणाऱ्याचे हाल तर याहून वाईट, कारण चार किलो माशातून त्याच्या हाती जेमतेम किलोभर माल लागतो. जे पैसे देऊन घेतले तेच फेकण्यासाठी पुन्हा पैसे द्यायचे, हा अन्याय कोणत्याही स्वाभिमानी व्यावसायिकाने सोसू नये. म्हणून तळोज्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या समस्त बांधवांच्या सेवेसी या चार सूचना सादर करीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कचऱ्याचे वजन करू नये. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा मुलामा किती ग्रॅम चढला हे आपण काट्यावर डोळ्यांत तेल घालून पाहतो, कारण त्या पाण्याचे डॉलर येतात. कचरा मात्र नेहमी ‘गाडी’ या मापाने मोजावा. अर्धी भरली तरी गाडीच आणि शीग लावून भरली तरी गाडीच. वजन केले, की कोणत्या पाळीत जास्त माल वाया जातो, कोणत्या टेबलावर डोक्यासोबत मांसही तोडले जाते, बर्फ कमी पडल्यामुळे किती कोळंबी काळी पडून बाद झाली, असे प्रश्न उपस्थित होतात. त्यांची उत्तरे शोधली तर कचरा खरोखरच कमी होण्याचा धोका असतो. आपल्याला तर फक्त खर्च कमी करायचा आहे.

त्यासाठी पाण्याच्या पाइपासारखे साधन नाही. जमिनीवर पडलेली आतडी, खवले आणि डोकी फावड्याने सुकीच उचलावीत, गटारांच्या तोंडाशी जाळ्या बसवाव्यात आणि मगच फरशी धुवावी, असे सांगणारे उंटावरचे शहाणे पुष्कळ भेटतील. आपण सरळ पाइप सोडावा आणि सगळे गटारात लोटावे. या एका कृतीने घनकचऱ्याचे सांडपाण्यात रूपांतर होऊन तो नोंदवहीतून अदृश्य होतो. रक्त आणि प्रथिने पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्या पाण्याची जैविक ऑक्सिजनची मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, भयंकर वाढते, हे खरे आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ती लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावी असा नियम आहे, हेही खरे आहे. परंतु सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील पाण्यात हवा घुसळणारी यंत्रे अहोरात्र चालवली तर विजेचे बिल केवढे येईल, याचा विचार नियम करणाऱ्याने केलेला दिसत नाही. तो आपण करावा आणि यंत्रे तपासणीच्या दिवशी चालवावीत. त्या हवेवर जगून घाण खाणाऱ्या जीवाणूंना एका दिवसात कामाला लागता येत नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

उरलेल्या कचऱ्यासाठी ठेकेदार निवडताना सर्वांत कमी दराचा निवडावा आणि त्याला एकच प्रश्न विचारू नये: तू हे टाकतोस कुठे? खाडीकाठच्या तिवरांत, घाटातल्या वळणावर की कोणाच्या पडीक जमिनीत, हे कळले की आपण माहीतगार ठरतो, आणि माहीतगार माणसाला उत्तर द्यावे लागते. अज्ञानासाठी मात्र चलनावर ‘विल्हेवाट लावली’ एवढा एक शब्दप्रयोग पुरतो.

वासाची चिंता करू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात एका कारखान्याच्या रंगामुळे भटकी कुत्री निळी झाली होती, हे आपल्याला आठवत असेल. त्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि संबंधित कारखान्याचे काम थांबवावे लागले. तो कारखाना मासळीचा नव्हता, परंतु त्यातला धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. मासळी उद्योगाचे भाग्य असे, की त्याच्या सांडपाण्याला लक्षात राहील असा रंग नसतो, फक्त वास असतो, आणि वासाचा फोटो काढता येत नाही. शेजारच्या वसाहतीतल्या लोकांनी रात्री खिडक्या लावून घ्याव्यात; खिडकीच्या कडीला आपण पैसे मागितलेले नाहीत.

आता एका मोहापासून सावध करणे माझे कर्तव्य आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेची मंडळी कित्येक दशके सांगत आली आहेत, की कोळंबीच्या टरफलांपासून कायटिन आणि कायटोसान ही उद्योगांत विकली जाणारी द्रव्ये होतात, आतडी व डोकी बारीक करून त्यांत थोडे फॉर्मिक आम्ल घातले तर न सडणारे पातळ पशुखाद्य होते, आणि इतर अवशेषांचे फिशमील होते. कोकणातली माणसे तर कोणत्याही संस्थेला न विचारता माडाच्या बुंध्याशी मीठ आणि मासळी पुरत आली आहेत. यातली गोम अशी, की टरफले विकायची तर ती ताजी हवीत, ताजी ठेवायची तर काही तासांत उचलायला हवीत, नाहीतर त्यांवरही बर्फ घालायला हवा. कचऱ्याला बर्फ! विकायच्या मालाला बर्फ घालताना ज्याचा हात आखडतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

राहता राहिली ती सांडपाण्याची टाकी. गटारात लोटलेले सगळे शेवटी तिच्यात साचते, सडते आणि कधीतरी ते उपसावे लागते. हवेविना कुजणाऱ्या मासळीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण फार वाढले की तो नाकच बधिर करतो आणि वास येईनासा होतो. खाली डोकावणाऱ्याला वाटते, हवा स्वच्छ झाली. एप्रिल २०२२ मध्ये मंगळुरूजवळच्या एका मासळी कारखान्यात असाच एक कामगार टाकीत पडला आणि त्याला काढायला इतर जण उतरले. बंगालमधून पोटासाठी आलेले पाच जण जिवानिशी गेले. असा वायू मोजणारे हातातले यंत्र काही हजार रुपयांत मिळते. परंतु ते घेतले तर कचरा विल्हेवाटीच्या खात्यातच मांडावे लागेल, आणि आपण तर तेच खाते कमी करायला बसलो आहोत.