सीलबंद

पाकीट फोडणारा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. ओळखीचा असता तर निदान त्याच्या घरी जाऊन भांडता आलं असतं.

जर्मनीत एक वर्ष काढून मला आता नेदरलँडमधल्या विद्यापीठात जायचंय. त्यांना जुन्या विद्यापीठाचं गुणपत्रक हवं, तेही सीलबंद, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारलेलं. फोडलं की बाद. कुरियरला जाता जाता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्टच्या प्रती काढायला थांबलो. पाकीट काउंटरवर होतं. शेजारी लाईटबिल घेऊन उभ्या असलेल्या काकांनी त्यात बोट घातलं आणि टर्रकन उघडलं.

"फॉरेनचं हाय न्हवं? बघू की काय शिकिवत्यात."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"एक कॉमा तीन. दोन कॉमा शून्य. एक कॉमा सात. पोरा, हे मार्क हायत का मटक्याचं ओपन-क्लोज?"

मग भर दुपारी मी त्यांना जर्मन पद्धत समजावत बसलो. 1,0 म्हणजे अव्वल, 4,0 म्हणजे काठावर पास, 5,0 म्हणजे नापास. टिंबाच्या जागी स्वल्पविराम. का समजावलं, अंबाबाईलाच ठाऊक.

"म्हंजे जितकं कमी तितकं भारी? मग आमचा बारका तिथं पयला आला असता की!"

दुकानदार खो खो हसला. मशीनमध्ये कागद अडकला तरी हसत होता.

"आणि आता जाणार तिथं?"

"तिथं दहापैकी. साडेपाचला पास, दहा सगळ्यात वर."

काकांनी लाईटबिलाची घडी घातली. "मग तुझं हे एक कॉमा तीन त्यांनी दहापैकी धरलं तर?"

एवढा नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. हाच प्रश्न मी तिथल्या प्रवेश विभागाला ईमेलनं विचारला, तर 'आपला संदेश मिळाला' एवढंच उत्तर आलं. क्रेडिटचा, म्हणजे अभ्यास मोजायच्या मापाचाही, असाच घोळ. युरोपभर वर्षाला 60 क्रेडिट, माप एकच. ऐकायला झकास! प्रत्यक्षात माझे निम्मे विषय 'जुळत नाहीत' म्हणून पुन्हा पहिल्या वर्षात बसा, असं सुचवतात. जर्मनीतलं गणित नेदरलँडची सीमा ओलांडताना नेमकं कुठं बदलतं, हे कुणी तरी दाखवावं. एका वर्षाची फी, खोलीभाडं, बाबांचं कर्ज, याला जुळवायला मात्र कुठलाच विभाग नाही.

"काका, ते पाकीट बाद झालं."

"कशानं?"

"तुम्ही फोडलंत म्हणून."

"आरं मग चिकटीव की!" त्यांनी दुकानदाराचा डिंक माझ्यापुढं सरकवला. "आणि वर सही लागत आसंल तर मी करतो. रिटायर झालोय, पण सही गॅझेटेडच हाय."

तेवढ्यात दुकानदारानं प्रतींचे पैसे मागितले. अडकलेल्या कागदाचेही लावले होते.