वकील करा, पण कोणता?

परदेशात अटक झालीच तर 'लगेच वकील करा' असा सल्ला एका लेखात वाचला. तो बरोबर आहे, पण अर्धाच आहे. अमेरिकेपुरतं सांगतो. आमच्या विश्रामबागमधल्या शेजाऱ्यांचा मुलगा तिकडे शिकतो. दुकानातल्या किरकोळ चोरीचा आरोप आला, तेव्हा तिथला वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, थोडी समाजसेवा कर, केस निकालात निघेल. घरचेही म्हणत होते, मिटवून टाक बाबा. कृपा करून असं मिटवू नका! कबुली दिली आणि न्यायाधीशाने काहीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की राज्याच्या कोर्टाने नंतर केस काढून टाकली तरी इमिग्रेशन कायद्यात ती बहुतेक वेळा दोषसिद्धीच धरतात. व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं तिथे अडकतं.

कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये पडिला खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणून सहीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच. इमिग्रेशन कोर्टात मात्र सरकार फुकट वकील देत नाही, हेही सांगली-साताऱ्याच्या पालकांनी धरून चालावं.

आणखी एक. भारतीय वकिलातीला कळवा, अशी मागणी मुलाने स्वतः करायची. 1963 च्या व्हिएन्ना करारातला तो हक्क आहे. त्याचा 'ए-नंबर' (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो नोंदणी क्रमांक) असेल तर घरच्या डायरीत लिहून ठेवा. इमिग्रेशनवाल्यांनी ताब्यात घेतलं, तर तो नंबर आणि जन्मदेश टाकून कुठे ठेवलंय ते ऑनलाइन शोधता येतं.