गाण्याला नाव का हवं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

बसल्या जागी अदा करत गायची बैठकीची लावणी आणि तमाशाच्या फडावर उभं राहून गायची फडाची लावणी वेगवेगळी ओळखायला हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही कळवलंत की हे सगळे प्रकार रेकॉर्ड कंपन्यांनी माल खपवायला काढले, सूर तो सूर, आणि शाहीर रामजोशींच्या सोलापुरात राहून मी तरी गाण्याची अशी वाटणी करू नये. तुमच्या भजनी मंडळात म्हणे असलं काही कुणी पाहत नाही.

कंपन्यांबद्दल तुमचं खरं आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांना बाजारात 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशावरून वेगळ्या काढलेल्या रेकॉर्ड्स, म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड' या तिथल्या संगीत नियतकालिकाने खपाच्या गाण्यांच्या आपल्या यादीचं ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव सभ्य झालं, यादी मात्र वेगळीच राहिली. आपल्याकडे 'लावणी' या एका शब्दावर किती घरांनी दारं लावून घेतली, ते तुम्हीही पाहिलं असेल. नावावरून गाण्याची पायरी ठरवतात तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

पण नावच नको म्हणालात की मला आमच्या पूर्व भागातली, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू वस्तीतली, शेजारची अक्का आठवते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हातात कात्री, आणि विड्या वळता वळता तोंडात तेलुगू गाणं. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो'. तेच गाणं मला मोबाइलवर 'भक्तिगीतं' या सदरात सापडलं. डोळे मिटून ऐकायला बसलो आणि दोन मिनिटांत कंटाळलो. तीच चाल, तेच 'उय्यालो', पुढे काही घडेचना. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "देवीचंच आहे रे, पण बसून ऐकायचं नाही. बतुकम्माचं आहे, फेर धरायचा." बतुकम्मा म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण. मग भाद्रपद अमावास्येनंतर तिच्या गल्लीत गेलो. मधे फुलांची उतरंड, भोवती बायका वाकून टाळ्या देत फिरताहेत, एकजण ओळ सांगतेय, बाकीच्या उचलताहेत. मोबाइलवर कंटाळवाणी वाटलेली ती चाल तिथे पावलांना धरून चालली होती. 'बतुकम्मा' एवढं नाव आधी कळलं असतं तर कशाची वाट पाहायची हे कानाला ठाऊक असतं.

बैठकीच्या लावणीचं हेच होतं. ढोलकीचा कडकडाट येईल म्हणून माणूस बसतो. इथे तर गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी तिचा भाव बदलते, सगळी अदा बसल्या जागी. लावणी म्हणजे फडावरचीच असं डोक्यात असलेला माणूस तिसऱ्या आवर्तनाला उठून जातो. ते मला सहन होत नाही, म्हणून तो लेख लिहिला.

रामजोशींचं म्हणाल तर तमाशाच्या नादापायी त्यांना घर सोडावं लागलं, आणि त्यांनी लावण्याही केल्या, कीर्तनंही केली. दोन्हीकडे उभं राहिलेल्या माणसाला दोन्हींतला फरक आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

आणि तुमचं मंडळ? सुरुवातीला विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, मग पुढे गवळण, शेवटी भैरवी. कुणी उभं राहिल्या राहिल्या गवळणीला हात घातला तर टाळ तुम्हीच थांबवाल ना? हे प्रकारच झाले की, काका. तुम्ही ते इतकी वर्षं जपलेत, म्हणून त्यांची नावं घ्यावी लागत नाहीत.

एक चूक मात्र माझी आहे. त्या लेखात मी बैठकीच्या लावणीला 'खरी लावणी' म्हटलं होतं. फडावर उभं राहून गाणाऱ्या बाईची लावणी खोटी कशी? तो शब्द आज काढून टाकला.

आता मला एक सांगा. तुमच्याकडे कुणी कानडी पद म्हणणारं आलं तर त्याला कुठे जागा देता, अभंगांमध्ये की गवळणीनंतर? आणि ते कुणी ठरवलं? कळवलंत तर पुढचा लेख त्यावरच लिहीन.