आधी ईएससी विचारा, सनरूफ मागनं बघू

आज भाच्याबरोबर बेळगावात गाडी बघायला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. अर्धा तास नुसतं सनरूफचं कौतुक. शेवटी मीच विचारलं, ह्यात ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी घसरायला लागली की सावरणारं यंत्र, आहे का? तर तो सेल्समन म्हणतो, "सर, ते वरच्या मॉडेलला येतंय. तुम्ही काय रेसिंग करणार आहात काय?"

रेसिंग! आमच्या तात्यांनी जन्मात कधी जीप साठच्या वर नेली नाही. पौर्णिमेला सौंदत्तीहून येत होते, कॅरिअरवर सामान बांधलेलं. संकेश्वरच्या अलीकडं अंधारात उसाची ट्रॉली उभी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. तात्यांनी स्टेअरिंग उजवीकडं मारलं, लगेच डावीकडं ओढलं, मागची चाकं सरकली. जीप आडवी होऊन साईडपट्टीच्या काळ्या मातीत गेली आणि तिथंच उलटली. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर भंडाऱ्याची पुडी फुटून छत आतनं पिवळंधमक झालेलं.

बहुतेक गाड्या अशाच उलटतात. आधी आडव्या घसरतात, मग चाक कशात तरी अडकतं. ईएससी ते घसरणंच आवरतं. स्टेअरिंग किती फिरवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय हे सेन्सर सारखं ताडून बघतात. मेळ बसेना की यंत्र आपणहून नेमक्या चाकाला ब्रेक लावतं, इंजिनाचा जोरही कमी करतं. तात्यांच्या जीपचा मागचा भाग उजवीकडं फेकला जात होता, तेव्हा पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक बसला असता. आपल्या पायाखाली पेडल एकच. चारातलं एकच चाक धरणं कुठल्या ड्रायव्हरला जमणार?

१९९७ साली स्वीडनमध्ये पत्रकारांनी मर्सिडीजची छोटी ए-क्लास अशीच झटक्यात डावी-उजवी करून बघितली, ती उलटली. कंपनीनं विक्री थांबवून सगळ्या ए-क्लासना हे यंत्र बसवलं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून, युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. आणि आम्हाला 'वरच्या मॉडेलला'! खालचं मॉडेल घेणाऱ्याला काय बायकापोरं नसतात?

बरं, टायर गुळगुळीत असले किंवा चोर्ला घाटात कुणी वेड्यासारखं वळण मारलं, तर यंत्र तरी काय करणार, मान्य. आणि बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांवर आज बोलत नाही, निम्मे मित्र कारखान्याचे सभासद आहेत.

तात्या त्यानंतर स्टेअरिंगवर बसले नाहीत. काकूंचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, अंबाडा सून घालून देते. दोघांनी कधी कुणाला दोष दिला नाही. मलाच राग येतो.

भाच्याला सांगून टाकलंय, ईएससी असलेलंच घे, कमी पडतील ते पैसे मी घालतो. तुमच्यापैकी कुणी बुकिंगला जाणार असेल तर माहितीपत्रक स्वतः वाचा. "एबीएस आहे की सर, तेच ते" असं सांगतील. तेच ते नव्हे. एबीएस तुम्ही ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. गाडी आडवी जायला लागली की सावरणारं ईएससी वेगळं, ते लेखी घ्या.